पूजेसाठी बंद केलेला सर्व्हर

खंडेनवमीला आमच्या रक्तपेढीत सगळ्या यंत्रांची पूजा होते. नाशकात कारखाना असो की दवाखाना, त्या दिवशी यंत्र पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि तेवढा वेळ त्याला विश्रांती द्यायची. सर्व्हर माझ्या ताब्यात, म्हणून तो बंद करणंही माझ्याकडे. त्या सकाळी पडद्यावर ‘बंद होत आहे, थांबा’ असं आलं ते जाईचना. आमचे डॉक्टर आरतीचं ताट घेऊन दारात उभे. मला मेलीला धीर कुठला! बटण दाबून धरलं. दिवा विझला, हार चढला, प्रसाद वाटला.

अर्ध्या तासाने सर्व्हर सुरू झाला, पण डेटाबेस उठेना.

तेवढ्यात हरसूलकडचा एक माणूस चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना घेऊन खिडकीशी आला. बायको पहाटे बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह हवं होतं, आणि बाकीच्या पेढ्यांत ते नव्हतं. आमच्याकडे दोनच पिशव्या होत्या, आदल्या दिवशी एका मंडळाच्या शिबिरातून आलेल्या. त्यांच्या तपासण्या झाल्या होत्या, पण निकाल थेट डेटाबेसमध्ये गेले होते. लेबलं पूजा आटोपल्यावर छापायची होती. पिशव्या फ्रिजमध्ये वरच्या आणि खालच्या कप्प्यात समोर दिसत होत्या, आणि त्या निर्दोष आहेत की नाहीत हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी लगेच नव्याने तपासणी लावली. तिला दोन तास लागणार होते.

“ताई, लय टाइम लागंल का? दवाखान्यातून सारखा फोन येतोय.”

“होतंय दादा,” मी म्हटलं. काही होत नव्हतं. मी डेटाबेस चालू करायची, पाच मिनिटं पडदा ढिम्म, की अडकला म्हणून बंद करून पुन्हा चालू करायची. दोनदा असं केलं. ती बाई गेली तर ती माझ्या बटणामुळे जाणार, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

इंटरनेटवर एक उपाय सापडला: अर्धवट राहिलेल्या नोंदी टाकून द्या, डेटाबेस मिनिटभरात उठेल. आज्ञा टाइप करून झाली, आणि मग लक्षात आलं की अर्धवट राहिलेल्या नोंदी म्हणजे कालचेच निकाल. ती आज्ञा मी घाईघाईने खोडली. डेटाबेस आपण काय करतोय ते ज्या फाइलीत लिहून ठेवतो ती नीट वाचली तेव्हा कळलं, डेटाबेस अडकलेला नव्हताच. तुटलेल्या नोंदी एकेक करून जुळवत होता, आणि मीच दोन्ही वेळा त्याला मधेच बंद केलं होतं. मी तिसऱ्यांदा चालू केला आणि हात मांडीखाली दाबून बसले.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. खिडकीतला माणूस वाजणारा फोन हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्याची नजर मला सोसवेना. मी उठून डॉक्टरांकडे गेले.

“सर, वरची पिशवी देऊन टाकू या. शिबिरातली पोरं धडधाकट असतात. काही होणार नाही.”

“मॅडम, जागेवर जा,” ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

मी परत आले तर डेटाबेस उठला होता. मी दोन्ही पिशव्यांचे क्रमांक टाकले. खालची निर्दोष होती. बाईच्या नमुन्याशी जुळवणी करून तिच्यावर लेबल लावलं आणि तो माणूस ती छातीशी धरून रिक्षाकडे पळाला. तेवढ्या एका पिशवीवर बाई तगली, असं दुपारी कळलं.

वरच्या पिशवीपुढे पडद्यावर लाल अक्षरांत आलं होतं: कावीळ ब, वापरू नये.

आता मी सर्व्हर चालू ठेवूनच हार घालते. पण हळदकुंकू लावताना दर वर्षी मला आठवतं ते बटण नाही, डॉक्टरांपुढे उभं राहून मी जे मागितलं होतं ते.