बुवांचा गजराज

दुपारचं जेवण आटोपतं, खाटेला पाठ टेकते आणि वामनराव येरगुड्यांचा डोळा लागतो न लागतो तोच अंगणातल्या कडुलिंबाखाली झांज वाजते.

खरं तर आज त्यांना झोप येऊच नये. चैत्र असून आभाळ दोन दिवस श्रावणासारखं कोसळलंय. नाला फुटून कोळशाच्या खुल्या खाणीत शिरलाय आणि तळाचं पाणी चढतंय. तिथंच मोठा पंप आहे. पाच जणांनी भिजल्या उतारावरून खाली जाऊन, साखळी लावून तो वर ओढायचा, की बुडू द्यायचा? दुसऱ्या पाळीच्या भोंग्याआधी हे वामनरावांनी सांगायचंय. पाळीतल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी सरदाराची, आणि सरदार तेच. उतार कधी खचेल याचा भरवसा नाही, हे त्यांना कळतं. पण पंप साधासुधा नाही, मोतीरामबुवांचा आहे.

मोतीराम निखाडे पाळीत पंप चालवणारे खलाशी, सुट्टीच्या दिवशी कीर्तनकार. दसऱ्याला पंपाला कुंकू लावायचे, झेंडू बांधायचे, गजराज म्हणायचे. गेल्या पोळ्याला बुवा देवाघरी गेले, तेव्हापासून सगळी पाळी कामाला लागण्याआधी त्या पंपाला हात लावून कपाळी नेते. तोच बुडू दिला, तर उद्या वर कोणत्या तोंडानं बुवांपुढं उभं राहायचं?

"झोपला का गा वामन?"

लिंबाखाली बुवा उभे आहेत. अंगरखा, उपरणं, फेटा, आणि फेट्यावर पिवळं हेल्मेट.

"हे काय बुवा? फेट्यावर हेल्मेट?"

"वरही नियम कडक आहे बाप्पा. नारदमुनीही सुटले नाहीत. टाळ धर."

वामनराव टाळ धरतात, पण लिंब कुठंय? खाणीच्या पायऱ्या-पायऱ्यांवर श्रोते बसलेत, देवळातल्यासारखे, मांडीला मांडी लावून, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. पुढच्याच रांगेत पाळीतला हिरामण, हळदही न उतरलेला. खाली गढूळ पाणी टाळाच्या ठेक्यावर चढतंय आणि पंप गळ्यापर्यंत बुडालाय. कुणालाच नवल वाटत नाही.

बुवा आख्यानाला हात घालतात. "गजेंद्र तळ्यात उतरला. मगरीनं पाय धरला. सोंडेत कमळ घेऊन त्यानं हाक मारली, आणि देव कसा धावला? गरुडसुद्धा मागं पडला!"

इथं वामनरावांना नेहमी रडू येतं, तसंच आत्ताही येतं. तेवढ्यात पंप आपला पाइप सोंडेसारखा वर करतो. वामनराव टाळ टाकून उताराला लागतात. "धावा रे!"

मागून उपरण्याचा फास गळ्यात पडतो.

"कुठं चालला?"

"बुवा, तुमचा गजराज बुडून राहिला ना!"

"मले दिसत नाही का? इतकी वर्षं माझं कीर्तन ऐकलं, पोटभर रडला, अन् अर्थ काऊन नाही लागला? हत्तीत जीव होता म्हणून देव धावला. या लोखंडात काय आहे? गाळ काढशीन, मोटर नव्यानं भरशीन, पुन्हा चालू लागन. या हिरामणमध्ये काय भरशीन?"

"पण तुम्ही तर कुंकू लावत होते..."

"कुंकू सायकललेही लावत होतो. म्हणून सायकलसाठी कोणाले विहिरीत नाही उतरवलं!"

पायऱ्या हसतात. हिरामण सगळ्यांत मोठ्यानं.

"मग तुमचा राग नाही ना बुवा?"

"आहे तर! पोटभर जेवून झोपला, अन् तिकडे पोरं ताटकळून राहिली." बुवा त्यांच्या तळहातावर काहीतरी ठेवून मूठ मिटतात. "आरती झाली. पाचही जणांले दे. वरच दे."

भोंगा वाजतो. वामनराव उठून धावतात. "अहो, चप्पल!" म्हणत बायको दारापर्यंत येते.

खाणीच्या तोंडाशी पाच जण खांद्यावर साखळी घेऊन उभे आहेत.

"कोणी खाली जायचं नाही."

"सरदार, बुवांचा गजराज आहे तो," हिरामण म्हणतो.

"बुवाच म्हणाले."

पाचही जण त्यांच्याकडे, मग एकमेकांकडे बघतात. वामनराव मूठ उघडतात. घामानं चिकटलेला सुंठवडा.

"रामनवमी तर उद्या आहे, सरदार. देवळात अजून सुंठ कुटलीही नाही."

"माहीत आहे. हात पुढं कर."

खाली बुडबुडे काढत पंप दिसेनासा होतो. वर पाच जिभांना सुंठ झोंबते.