वाकड्या अंगणाचा बँड

“दोऱ्या काढायच्या नाहीत म्हणजे नाहीत, भावजी. चादरी काय तुमच्या मिशीवर वाळत घालू?”

“वहिनी, अहो, तासाभराचा तर सराव.”

“मग तासभर वाका. वाकून कुणाची कंबर मोडलेली ऐकली नाही मी.”

असं म्हणून इस्त्रीकाकूंनी ढोलाचा पट्टा खांद्यावर चढवला. त्यांचा दीर बँडमास्तर होता, पण अंगण काकूंचं. त्यांच्या लाँड्रीमागची ती जागा सोडली तर बावीस माणसांनी पितळी भोंगे घेऊन उभं राहावं अशी जागा गावात दुसरी नव्हती. अंगण तरी कसलं! शिंप्याच्या टेबलाखाली पडलेल्या चिंधीसारखं, एका अंगाला रुंद, दुसऱ्याला निमुळतं. उजवीकडे पाणी तापवायची भट्टी, म्हणून वळायचं ते डावीकडेच. दर सोळा पावलांवर एक दोरी, तिथं सगळ्यांनी वाजवता वाजवता वाकायचं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि नाचणारे त्याहून.

आजवर सात गावांच्या वाद्यमेळ्यात बँड मैदानात उभ्यानं वाजवायचे. यंदा नवा नियम निघाला : रस्त्यानं चालत वाजवायचं, आणि जो थांबला तो बाद. म्हणून सहा महिने, सकाळ-संध्याकाळ, ही अंगणातली घाण्याच्या बैलाची फेरी चालली होती.

ढोल आधी काकूंच्या नवऱ्याचा. तो वारल्यावर ढोल अंगणात तसाच पडून राहिला. एवढं धूड हलवणार कोण? चादरी त्याच्यावर लोळायला लागल्या तेव्हा वैतागून काकूंनी तो उचलला, आणि उचललाच आहे तर म्हणून दोन ठोके दिले. त्या दोन ठोक्यांना आता अकरा वर्षं झाली. दिवसभर इस्त्री रेटून जो राग हाताला चढायचा तो संध्याकाळी ढोलावर उतरायचा, आणि काकूंना शांत झोप लागायची. पण गेल्या वर्षी बँड शेवटचा आला, आणि दिरानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “यंदा पुन्हा शेवटचा आला, तर ढोल आमच्या जावईबापूंकडे.”

बँडात झांजा वाजवणाऱ्या जावईबापूंचे खांदे दाराच्या चौकटीएवढे होते. अक्कल फटीएवढी.

मेळ्याच्या दिवशी रस्ता सोपा होता. चौकापर्यंत सरळ, मग उजवीकडे, की पूल. पांढऱ्या कोटांतला बँड चौकात आला. ढोल सगळ्यात पुढं होता, कारण अंगणाच्या निमुळत्या तोंडातून तो आधी निघाला नाही तर मागचे एकवीस अडकायचे. पंचांच्या टेबलासमोर सोळावं पाऊल पडलं आणि अख्खा बँड वाजवता वाजवता वाकला. पंच हरखले. इतका नम्र बँड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मग बँड डावीकडे वळला.

“उजवीकडे! अहो, उजवीकडे!” मागून दीर ओरडला. डोक्याला सगळ्यांच्या कळत होतं, पायांना पटत नव्हतं. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा डावीकडे, त्याच्या पुढं पुन्हा. घरांच्या एका चौकोनाला वळसा घालून बँड परत चौकात हजर.

ढोलाआडून काकूंना थोडंच दिसायचं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं दुकान मात्र नीट दिसलं. मघाशी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही गालांना फेस होता. आता एक गाल साफ झालेला.

‘हात चपळ आहे बुवा न्हाव्याचा,’ त्यांना वाटलं.

तिसऱ्या खेपेला दोन्ही गाल साफ दिसले. तोच न्हावी, तेच गिऱ्हाईक, तोच चौक! त्यांनी जीव खाऊन उजवा पाय उजवीकडे टाकला. डावा पाय आपल्या वाटेनं गेला, आणि उजवाही निमूट त्याच्यामागं.

चौथ्या खेपेला पंच घाम पुसत होते. गिऱ्हाईक पावडर लावून दारात टाळ्या वाजवत उभं होतं. आता ढोल गेला, हे काकूंना लख्ख कळलं. थांबावं तर बाद, चालावं तर ही फेरी मरेपर्यंत सुटत नाही. आणि मग, ठोका न चुकवता, त्या जागच्या जागी पाठमोऱ्या फिरल्या आणि बँडकडे तोंड करून उलट्या चालायला लागल्या. आता त्यांचं डावं ते बँडचं उजवं. पाय खुशीत डावीकडे वळले, ढोलामागं एकवीस जण वळले, आणि वाजतगाजत बँड पुलावर पोचला.

मुख्य पंचांनी निकाल वाचला. मेळ्यात बँड सात होते, यादी निघाली दहांची. हा बँड चारदा गेला, तर त्यांनी चार बँड समजून चारदा गुण दिले होते.

“तिसरा, पांढऱ्या कोटाचा बँड. पाचवा, पांढऱ्या कोटाचा. आठवा, पांढऱ्या कोटाचा. आणि दहावा...”

“तिसरा आला!” काकू म्हणाल्या.

“दहावाही आला,” दीर म्हणाला. “शेवटचा तो शेवटचा. शब्द म्हणजे शब्द, वहिनी. जावईबापू, घ्या.”

काकूंनी पट्टा उतरवला. मोकळे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

परतीची वाटही वाजवतच चालायची होती. पुलावरून उतरलं की रस्ता उजवीकडे. डावीकडे नदी. जावईबापूंनी छाती काढून ठोका दिला, उतरले आणि ऐटीत डावीकडे वळले. मागं बँड. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. तेवढ्यात सोळावं पाऊल पडलं आणि सगळे वाकले. भोंग्यांत पाणी शिरलं आणि चाल एकदम म्हशीसारखी रेकली.

काकू काठावर उभ्या होत्या.

“वहिनी!” पाण्यातून दिराचा आवाज आला. “ढोल घ्या!”

“आणि शब्दाचं काय, भावजी?”

“शब्द घाला चुलीत! आधी आम्हाला बाहेर काढा!”

काकूंनी पदर खोचला, पाण्यात उतरून जावईबापूंच्या खांद्यावरून पट्टा ओढून घेतला आणि बँडकडे तोंड केलं. गावापर्यंत अडीच मैल त्या उलट्या चालल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बावीस ओल्या कोटांचा ढीग पडला होता, चिखलानं माखलेला. दीर दारात घुटमळला. “वहिनी, आता तरी दोऱ्या जरा वर...”

“कोट वाळवायचेत की नाही तुम्हाला?” म्हणत काकूंनी भट्टी पेटवली आणि पहिला कोट पाण्यात बुचकळला.