दिव्यांची मूठ

माझा धाकटा भाऊ सदतीस वर्षं एकाच थिएटरात ऑपरेटर होता. सगळे त्याला मामा म्हणत, मालकसुद्धा. रिळं गेली, कॉम्प्युटर आला, पण दिवे मंद करायची मूठ तीच राहिली. घंटा झाली की ती मूठ तो इतक्या हळू खाली आणायचा, की अंधार नेमका कधी झाला ते कुणाला कळत नसे. अभिमान काय तो एवढाच. बाकी माणूस साधा, जरा हट्टी.

मग प्रेक्षकच येईनासे झाले. दहाच्या आत माणसं असली तर शो रद्द, असा मालकाचा नियम. आठवड्याला चार-पाच शो रद्द होऊ लागले तेव्हा मालक म्हणाला, "मामा, जागा फर्निचरवाल्याला देतोय. या महिन्यात दुपारचे शो भरून दाखवा, मग बोलू."

भाऊ माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला. "ताई, चांगला सिनेमा लागला तर येतील लोक."

"चांगला सिनेमा लोक घरी लोळत बघतात. तुझ्याकडे का यावं, ते सांग."

माझी सून सात महिन्यांच्या बाळापायी घरात कोंडली होती. थिएटरात मूल रडलं की माना वळतात, म्हणून जायची नाही. मी म्हटलं, बुधवारची दुपार फक्त तान्ह्या मुलांच्या आयांसाठी ठेव. दिवे अर्धे चालू, आवाज कमी, दार उघडं.

"दिवे चालू ठेवून सिनेमा? पडदा फिका दिसेल, ताई."

"दिसू दे. तुला पडदा वाचवायचाय की थिएटर?"

सुनेने फोनवरून सगळीकडे कळवलं. बुधवारी एकेचाळीस जणी आल्या. व्हरांडा बाबागाड्यांनी भरला. मालक दारात उभा राहून चक्क हसत होता. घंटा झाली. पडदा सरकला. आणि दिवे हळूहळू, अगदी हळूहळू, पूर्ण गेले. पाठोपाठ आवाज चढला.

एक मूल किंचाळलं, मग सगळीच. अंधारात बाटल्या, चपला चाचपडत बायका बाहेर पडल्या. मी धापा टाकत केबिनचा जिना चढले, तर हा मुठीकडे बघत उभा.

"ताई, मी नाही केलं. हातानं केलं."

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पुढच्या बुधवारी तो उजवा हात मांडीखाली दाबून बसला. शेजारी मी, पहाऱ्याला. दिवे अर्धे राहिले, आवाज बेताचा. पडदा फिका दिसत होता खरा, पण कुणाचं काही अडलं नसतं. खाली तिघीच होत्या, त्यातली एक माझी सून. मालकाने शो रद्दसुद्धा केला नाही. तो फर्निचरवाल्याला घेऊन मधल्या वाटेत मापं घेत होता. दिवे चालू होते, त्यांची आयतीच सोय झाली.

भाऊ काचेतून बघत होता. "हात काढू का आता?"

"सिनेमा संपेपर्यंत नाही," मी म्हटलं.

खाली एक मूल रांगत वाटेत आलं होतं. फर्निचरवाल्याने त्याला ओलांडलं आणि पुढच्या रांगेला फीत लावली.