गुलाबाचा वास आलेला फ्लास्क

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलेय, तर उठून चहा ठेवावासा वाटतोय. नको. बसते.

प्रयोगशाळेत आम्ही दोघी होतो — मी आणि वंदना. जिवाणूंमध्ये बाहेरचं जनुक घालायचं आणि त्यांच्याकडून हवं ते बनवून घ्यायचं, हे आमचं काम. तिचे जिवाणू इंधन बनवायला लागले होते — थोडं, पण खरं. माझे गुलाबाचा सुगंध देणार होते. देत होते काय? नुसता आंबूस दर्प! मला तिचा हेवा वाटायचा. हो, हेवाच — दुसरा शब्द कशाला शोधू?

तपासणीचं यंत्र बंद पडलेलं. त्यामुळे सर रोज सकाळी फ्लास्कचा कापसाचा बोळा काढून वास घ्यायचे आणि त्यावर पुढचं ठरवायचे. आमच्याकडे तशी रीतच पडली होती. एकदा, ते यायच्या आधी, मी — गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं गुलाबाचं अत्तर पर्समध्ये होतं — काडीचं टोक बुडवलं आणि फ्लास्कमध्ये फिरवलं.

सर इतके खूश झाले, की वंदनाचं इंधनाचं काम बंद करून तिलाही माझ्या जिवाणूंवर बसवलं. एवढं मी कुठे मागितलं होतं? पण नको, असंही म्हटलं नाही. तिच्या फ्लास्कला वास येणार कुठून? काचेचं सामान घासून घासून तिची बोटं सोलवटली. “माझं काय चुकायलंय गं? तू बघ की जरा,” म्हणायची. मी बघितल्यासारखं करायचे.

अजून एक आहे. तेच खरं सांगायचंय. यंत्र दुरुस्त झालं, नमुने मागितले गेले, तेव्हा मी सरांना म्हटलं — चांगले जिवाणू वंदनाच्या हातून मेले. त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. तिने माझी माफी मागितली. माझी!

ती सोडून गेली. मुकुंदवाडीत शिकवण्या घेते. मी प्राध्यापक झाले.

गेल्या जूनमध्ये ती लेकीला घेऊन माझ्या घरी आली. पोरीला हेच शिकायचं होतं. वंदना म्हणाली, “तूच समजाव हिला. माझ्या हाताला ते कधी जमलं नाय, अन् ही माझ्यावरच गेलीय.” पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी तिला समजावलं. ती कॉमर्सला गेली.