बारशाआधी गेलेली

राजापूरच्या अलीकडच्या एका गावात मी मास्तर होतो, तेव्हा गावची जन्ममृत्यूची वही माझ्याकडे असे. खरं तर ती पोलीस पाटलाची; पण पाटलाला सहीपुरतंच लिहिता येई, आणि सरकारी कागद दिसला की माझ्या अंगात येई. नाव, वय, कारण. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘ताप’च असायचा. वर्षाअखेर मी मेलेल्यांच्या वयाची सरासरी काढी, आमच्या आळीची वेगळी आणि कातळावरच्या कुणबीवाडीची वेगळी. दोन्ही जवळपास सारख्याच निघत. देवाघरी भेदभाव नाही, असं मी वर्गात ठासून सांगे. आज त्या मास्तराच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण बाराव्या दिवशी बारसं होईपर्यंत मुलाला नाव नाही, आणि नाव नाही त्याची नोंद नाही. “नाव नाय त्याचं काय लिवनार?” पाटील म्हणे. मला ते अगदी रीतसर वाटे. वाडीत नाळ विळ्यानं कापत, आणि सातव्या-आठव्या दिवशी पोरं ताठ होऊन दूध सोडत आणि जात. ती सगळी वहीबाहेर राहिली.

एका वर्षी तालुक्याहून कळलं, गावाला शिकलेली सुईण मिळणार. जिथे तान्ही पोरं जास्त दगावतात तिथे तिला ठेवायचं, आणि ते वहीवरून ठरायचं. हे ऐकून वाडीतली एक बाई शाळेच्या पडवीत आली. नवरा मुंबईला गिरणीत, ही चौथ्यांदा गरोदर. आधीची तिन्ही पोरं बारशाआधी गेलेली.

“गुरुजी, माजी तीन लिवा. सुईन वाडीत येल, ह्ये तरी जगंल.”

“त्यांची बारशी झाली नाहीत. मला लिहिता येत नाही,” मी म्हणालो. नियम सांगताना माझा आवाज चांगला खणखणीत असे. ती कातळाच्या वाटेनं परत गेली.

त्याच श्रावणात माझी पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. तिला पुरून आलो, आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच वही उघडली. आम्ही दोघांनी तिच्यासाठी एक नाव ठरवून ठेवलं होतं, ते लिहिलं. वय, नऊ दिवस. ती होती हे कुठेतरी राहायला हवं, एवढंच मला कळत होतं. पाटलानं सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. वही तालुक्याला गेली, तेव्हा त्या वर्षात आमच्या आळीत तान्ह्या पोराचं एक मरण होतं, वाडीत एकही नव्हतं. सुईण आमच्या आळीत राहायला आली. वाडीची चढण तिला झेपायची नाही, असं ठरलं.

दिवाळीनंतर ती बाई पुन्हा पडवीत येऊन उभी राहिली. चौथं सातव्या दिवशी गेलं होतं. ती रडत नव्हती.

“गुरुजी, तुमच्या पोरीचं बारसं झालं व्हतं?”

“नाही.”

“पन लिवलात.”

मला शरमेनं वर बघवेना. वही काढून बसलो आणि म्हणालो, “सांग.” नावं नसणार, तेव्हा ‘मुलगा’, ‘मुलगी’ असंच लिहावं लागेल, अशी माझी अजूनही समजूत. तिनं एकामागून एक चार नावं सांगितली, न अडखळता, कोण किती दिवस होतं त्यासकट. मी लिहून घेतली. मागाहून केलेल्या नोंदी म्हणून तालुक्यात त्या कुणी धरल्या नाहीत.

पुढे कितीतरी वर्षं हजेरी घेताना मी मधेच थांबायचो. मुलांना वाटे, गुरुजींना धाप लागली. ती चार नावं ओठांवर आलेली असत, आणि कुणी ‘हजर’ म्हणेल की काय, या भीतीनं मी ती गिळून टाकी. पडवीत ती बाई पहिल्यांदा आली तेव्हाही तीन नावं तिच्याजवळ होतीच. मी तिला ती विचारलीच नाहीत.