खंदारेच्या खाटेपाशी

माझ्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. आमचं युनिट छावणीत होतं. युद्धसरावाच्या एक्सरसाइजवरून परतताना सकाळी ७.४० ला अजिंठ्याजवळ आमचा ट्रक उलटला. मी हवालदार. माझी उजवी मांडी मोडली. शेजारी बसलेला नाईक दिलीप खंदारे स्वतःच्या पायांनी बाहेर आला आणि रेडिओवर बोलला, "एक कॅज्युअल्टी. अॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

१०.३० ला आम्ही दोघं हॉस्पिटलात शेजारच्या खाटांवर होतो. नर्सिंग ऑफिसर कॅप्टन मॅडम आल्या.

"हवालदार, दहापैकी किती दुखतंय?"

"नऊ."

पाय पाहिला, इंजेक्शन दिलं, नोंद केली. दोन मिनिटांत काम संपलं.

खंदारे म्हणाला, "काय नाय मॅडम. दोन लिवा."

त्याच्यापाशी मात्र मॅडम स्टूल ओढून बसल्या.

माझा जळफळाट झाला. आम्ही दोघं एकत्र भरती झालो तेव्हापासून हेच चालत आलं होतं. तो गप्प सोसायचा आणि साहेब त्याची पाठ थोपटायचे. मी विव्हळलो की नाटक. आताही पाय माझा मोडलेला आणि विचारपूस त्याची. डोळे मिटून मी शब्द न् शब्द ऐकत होतो.

"दोनच, तर मग आडवं का होत नाही?"

"आडवं झालं की खांदा दुखतो. हा, डावा."

"आपटला होता?"

"नाय. खांद्याला कायच लागलं नाय."

"मॅडम, इकडं पण पेशंट आहे!" मी ओरडलो.

"हवालदार, थांबा." त्यांनी मान वळवली नाही. "खंदारे, घरी असता तर कुणाला सांगितलं असतं?"

"सुनंदाला. ती न सांगताच वळखती."

"मग तिलाच सांगताय असं समजा."

"पोटात लई कळ येतीय. ट्रक उलटल्यापासनं. भ्या वाटतंय."

मॅडम उठल्या त्या धावतच. सर्जन आले. प्लीहा फाटून पोटात रक्त साठत होतं. त्याचीच कळ खांद्यात निघत होती. ११.०५ ला त्याला ऑपरेशनला नेलं. १.२० ला तो गेला.

दुपारी सुनंदावहिनी आल्या. माझ्या खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"भाऊजी, लई दुखलं का त्यांना? काय बोलले का?"

जळत जळत ऐकलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. मी सांगितलं. त्यांचं नाव आलं तिथं त्यांनी मला थांबवलं. "परत सांगा."

मी परत सांगितलं. आणि खरं तेच लिहितो, तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला. माझ्याबद्दल असं कुणी दोनदा विचारलं नसतं.

आता मी बजाजनगरात राहतो. वर्षातून एकदा, त्याच दिवशी, वहिनींचा फोन येतो. नाईक दिलीप खंदारे काय बोलला, ते मी त्यांना पहिल्यापासून सांगतो.