मामांचं भुयार

खोटं बोलून कुणाचंही वाईट न केलेला, आमच्या हिच्या मामांसारखा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मामा एसटीत कंडक्टर होते. मानवतच्या गाडीतून गावची गढी दिसू लागली की तिकिटं फाडणं थांबवून ते प्रवाशांना गढीखालचं भुयार सांगत. ते थेट दौलताबादला निघतं म्हणे. सुरुवातीला त्यातून माणूस वाकून जायचा. मामा निवृत्त होईपर्यंत घोडेस्वार भाल्यासकट जाऊ लागला. आमच्या लग्नात पानं मांडलेली असताना त्यांनी सगळं वऱ्हाड भर उन्हात गढीवर नेलं. माझे वडील बुरुजाला टेकून पाणी मागत होते आणि मामा म्हणत होते, "पाव्हणे, दम धरा, आत लय गार हवा हाय." आत जायला वाटच नव्हती. परतेपर्यंत भात थंड झाला होता आणि सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं. सासुरवाडीची लाज वाटायला तिथून सुरुवात झाली.

पुढं गढी पाडून तिथं बाजाराचे गाळे बांधायचं ठरलं. त्याआधी पाहणीसाठी उत्खननाची मंडळी आली. त्यांच्या प्रमुख एक तरुण बाई होत्या. मामांनी त्यांना हट्टानं बुरुजाखालची जागा दाखवली, आणि खरोखरच तिथं खणताना दगडी कमानीचं तोंड लागलं. गाव जमलं. मामा फेटा बांधून आले. आतली काळी माती त्यांनी चिमटीत घेऊन कपाळाला लावली; मग जावई म्हणून माझ्याही लावली.

बाई आत बॅटरी मारून बराच वेळ बघत होत्या. बाहेर आल्या त्या हरखूनच. "मामा, ही मोरी आहे. वरच्या शौचकूपाची. इतकी सुरेख बांधलेली मी कुठं पाहिली नाही."

गाव पोट धरून हसलं. मी घाईघाईनं रुमालानं कपाळ पुसलं. मामांना आपलं कपाळ पुसायचं ध्यानातच आलं नाही. ते तसेच, फेट्याखाली माती घेऊन, मान खाली घालून बाजारातून घरी गेले.

संध्याकाळी बाई घरी आल्या, म्हणाल्या, तुम्ही जागा दाखवली नसती तर ती मोरी कुणी न बघताच पाडली गेली असती. मामा म्हणाले, "लोक हसले त्याचं काई न्हाई, बाई. इतके दिवस त्यांनी माझं खरं म्हणून ऐकून घेतलं, त्याची लाज वाटायलीय."

आता तिथं गाळे झालेत. मामा बोलतात, पण जपून. रात्री पाऊस पडला का विचारलं, तरी म्हणतात, "पडला म्हणतात. मी झोपलेलो होतो."

मध्यंतरी आमच्याकडचे पाहुणे गाळ्यांपाशी थांबले आणि इथं आधी काय होतं, असं त्यांनी विचारलं. मामा मला म्हणाले, "तुमीच सांगा, जावईबापू." मी सांगितलं. चार वाक्यांत संपलं. पाहुणे बरं म्हणून पुढं निघाले, आणि मामांच्या शेजारून चालताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.